‘कुर्ली’ बेटावरची चढाई : खेळ दुसऱ्याच टर्नला संपतोय, आराखड्यात कुठे चुकतंय?

षट्कोन

काल्पनिक बेटावर आजच्या काळातली चढाई, असा वॉरगेम (नकाशा आणि फाशांवरचा युद्धाचा खेळ) बांधतोय. दादरला रविवारी पाच तासांसाठी हॉल मिळणार आहे. आठ खेळाडू, एक पंच.

बेटाचं नाव कुर्ली. लांबी ६२ किमी, रुंदी २४ किमी, वस्ती दोन लाख. पूर्वेला एक बंदर, मधोमध एक धावपट्टी, उतरण्याजोग्या तीन पुळणी. मुख्य भूमी १४० किमी दूर. तांबडे चढाई करणार: तीन ब्रिगेड, एक छत्रीधारी बटालियन, वाहतुकीची ४० जहाजं, राखणीला सहा विनाशिका. निळ्यांकडे दोन ब्रिगेड आणि जहाजविरोधी क्षेपणास्त्रांच्या आठ तुकड्या. तुकडीत चार ट्रक, प्रत्येक ट्रकवर दोन क्षेपणास्त्रं. हेक्स (नकाशावरचं षट्कोनी घर) १० किमीचा, टर्न (एक पाळी) एका दिवसाचा, एकूण १२ टर्न.

नियम असा की प्रत्येक क्षेपणास्त्रासाठी दहा बाजूंचा फासा टाकायचा, ६ किंवा कमी आलं की लागलं. चाचणीत दोनच निकाल येतात. दुसऱ्या टर्नला तांबड्यांची ३० च्या वर जहाजं बुडतात आणि खेळ संपतो. क्षेपणास्त्रं निम्मी केली तर चौथ्या टर्नला तांबडे बंदर घेतात आणि पुढे निळ्यांना करण्यासारखं काही उरत नाही. आकडे कमी-जास्त करून मधला निकाल मिळत नाहीये. मूळ रचनेतच काही चुकतंय का?

खाडीकाठ

चूक फाशाच्या आकड्यात नाही, गणिताच्या जातीत आहे. तुमच्या नियमात क्षेपणास्त्रांचा परिणाम गुणाकाराने वाढतो. प्रत्यक्षात तिथे वजाबाकी असते. वेन ह्यूज या अमेरिकी नौदल अधिकाऱ्याने मांडलेलं साल्व्हो (एकदम केलेला मारा) समीकरण नेमकं हेच सांगतं: एका वेळी नीट नेम धरून आलेली क्षेपणास्त्रं, वजा समोरच्या ताफ्याने त्या वेळी अडवलेली, आणि जी उरतात ती जहाजाच्या सोसण्याच्या ताकदीने भागायची.

तुमच्याच आकड्यांवर बघा. ६४ क्षेपणास्त्रं एकदम सोडली आणि त्यातली सत्तर टक्के नीट गेली, तर ४५ येतात. सहा विनाशिका प्रत्येकी चार अडवतात असं धरा, म्हणजे २४ गेली. उरली २१. त्यातली एक तृतीयांश हुलीला फसतात, म्हणजे १४ लागतात. आता हीच ६४ क्षेपणास्त्रं चार वेळा सोळा-सोळा करून सोडा. प्रत्येक वेळी ११ येणार आणि अडवण्याची ताकद २४ ची, म्हणजे एकही लागणार नाही. तीच शस्त्रं, तेवढाच पल्ला, निकाल मात्र १४ किंवा शून्य. एकदम सोडायची की राखून ठेवायची, हा निळ्यांचा खरा निर्णय. तुमच्या नियमात तो उरतच नाही.

याची दुसरी बाजूही ठेवा, नाहीतर निळे कायम एकच मोठा मारा करतील. प्रत्येक विनाशिकेला २४ बचावी क्षेपणास्त्रं द्या, म्हणजे ताफ्याकडे १४४. एक अडवायला दोन खर्च. चार छोट्या माऱ्यांत तांबड्यांची ८८ संपतात, एका मोठ्या माऱ्यात फक्त ४८. समुद्रात ती पुन्हा भरता येत नाहीत. रिकामी विनाशिका चार टर्न परत पाठवावी लागते. मग छोटे मारे फुकट जात नाहीत, ते ढाल झिजवतात.

त्याआधीचा प्रश्न, निळ्यांना ताफा दिसतो कुठे? क्षेपणास्त्राचा पल्ला समजा १५० किमी धरला म्हणून १५० किमीवरचं जहाज कळत नाही. रडारला पृथ्वीची गोलाई आड येते. रडारची आणि जहाजाची उंची मीटरमध्ये घ्या, दोन्हींची वर्गमुळं मिळवा, ४.१२ ने गुणा. किमीत अंतर मिळतं. २५ मीटरच्या मनोऱ्यावरचं रडार आणि १६ मीटर उंचीचं जहाज: पाच अधिक चार, गुणिले ४.१२, म्हणजे ३७ किमी. बेटावर २२५ मीटरची टेकडी असेल तर ७८ किमी. पण टेकडीवरचं रडार हलवता येत नाही, पहिल्या तासात तेच उडवलं जाणार. त्यापलीकडे बघायला विमान, ड्रोन किंवा मासेमारीच्या होडीवरचा माणूस लागतो. संपर्काच्या तीन पायऱ्या ठेवा: ‘काहीतरी आहे’, ‘ताफा आहे’, ‘हे जहाज आहे’. तिसऱ्या पायरीवरच सत्तर टक्के, दुसरीवर तीस, पहिलीवर मारा करायला मनाई. तांबड्यांना दहा-बारा हुलीचे काउंटर (नकाशावर ठेवायच्या सोंगट्या) द्या.

आणि प्रत्येक जहाजात काय भरलंय ते आधी लिहून घ्या. ब्रिटन-अर्जेंटिनाच्या फॉकलंड युद्धात २५ मे १९८२ ला ‘अटलांटिक कन्व्हेअर’ हे ब्रिटिश मालवाहू जहाज एक्झोसेट क्षेपणास्त्र लागून गेलं. त्यावरची तीन चिनूक आणि सहा वेसेक्स हेलिकॉप्टरं गेली; एक चिनूक हवेत होतं म्हणून वाचलं. परिणाम असा की सॅन कार्लोसला उतरलेल्या सैन्याचा मोठा भाग राजधानी स्टॅन्लीकडे पाठीवर ओझं घेऊन चालत निघाला. ‘एक जहाज बुडालं’ याला खेळात अर्थ नाही, ‘पुलाचं सामान बुडालं’ याला आहे. जे आधी उतरवायचं ते शेवटी भरायचं असतं. तांबड्यांनी खेळाच्या आदल्या दिवशी भरणीची यादी पंचाकडे बंद पाकिटात द्यायची, नंतर बदल नाही. घाईत भरलेली ब्रिटिश जहाजंसुद्धा असेन्शन बेटापाशी थांबून पुन्हा लावून घ्यावी लागली होती. त्यामुळे तांबड्यांना फेरभरणीची एक संधी द्या, किंमत एक दिवस.

गलबत

वरच्याने समुद्र सांगितला, मी काठ सांगतो. तुमच्या वर्णनात ‘तीन पुळणी’ एवढंच आहे. भरती-ओहोटी नाही, उतार नाही, पुळणीमागचा रस्ता नाही. म्हणूनच क्षेपणास्त्रं चुकवली की तांबडे सरळ बंदरात पोचतात.

भरतीसाठी वेगळं काही शोधायला नको, आपल्या किनाऱ्याची घ्या. कोकणपट्टीतला जुना हिशोब आहे: तिथीला पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ येते. द्वादशीला बाराची पाऊणपट नऊ, म्हणजे नऊच्या सुमारास. पुढची भरती १२ तास २५ मिनिटांनी, आणि मधे साधारण सहा तासांनी ओहोटी. पंचाला टेबलावर बसून एवढं तोंडी करता येतं.

आता याच हिशोबातून तांबड्यांसाठी मोठा पेच निघतो. अष्टमीला भरती सहाच्या सुमारास, म्हणजे पहाटे उतरायला सोयीची वेळ. पण अष्टमी म्हणजे भांग, पाणी चढणार कमी. पाणी भरपूर हवं तर अमावास्या-पौर्णिमेचं उधाण, आणि तेव्हा भरती येते ती मध्यरात्रीच्या किंवा भर दुपारच्या आसपास. अमावास्येच्या रात्री अंधार आणि पाणी दोन्ही मिळतं. पण रात्रीच्या अंधारात लँडिंग क्राफ्ट (सैन्य पुळणीवर उतरवणाऱ्या बोटी) चुकीच्या पुळणीला लागतात, आणि निळ्यांच्या भिंतीवरही तेच पंचांग टांगलेलं असतं. तांबड्यांना पंधरा तिथींची मुभा द्या, चढाईची तिथी गुप्तपणे लिहून घ्या. या एका चिठ्ठीवर खेळाआधीच तासभर वाद होतील आणि ते व्हायलाच हवेत.

पाणी कमी चढलं तर काय होतं? १९४३ च्या नोव्हेंबरात अमेरिकी सैन्य पॅसिफिकमधल्या तारावाच्या बेटिओ बेटावर उतरलं तेव्हा भांगाच्या भरतीत प्रवाळाच्या कठड्यावर पुरेसं पाणी आलंच नाही. बोटी कठड्यावर अडल्या आणि सैनिक गोळीबारात शेकडो मीटर पाण्यातून चालत गेले. पट्ट्यांवर चालणारी उभयचर वाहनं तेवढी कठडा ओलांडून गेली. खेळात हे उताराने दाखवा. पुळणीचा उतार पन्नासास एक असेल आणि उधाणाचा फरक चार मीटर, तर पाण्याची कड २०० मीटर मागे-पुढे होते. भांगाला फरक दोन मीटर धरला तर १०० मीटर. ओहोटीत टेकलेलं क्राफ्ट पुढच्या भरतीपर्यंत तिथेच अडकतं आणि निळ्यांच्या तोफांना आयतं लक्ष्य मिळतं. तीन पुळणी तीन स्वभावाच्या ठेवा: एक रुंद आणि उघडी, तिथे निळ्यांचा पहारा कडक, एक अरुंद पण खोल पाण्याची, मागे एकच घाटरस्ता, तिसरी दिसायला छान, पण मागे खाजण. खाजणातून रणगाडा जात नाही, भराव टाकायला सामान आणि दोन टर्न लागतात.

आता फेऱ्यांचा हिशोब, कारण खेळ इथेच ठरतो. क्राफ्ट १० नॉटने, म्हणजे ताशी १० सागरी मैलांनी, चालतं असं धरा. जहाज ३७ किमीवर, म्हणजे २० सागरी मैलांवर, रडारच्या कडेला उभं राहिलं तर जायला दोन तास, यायला दोन तास, भरायला ४५ मिनिटं, रिकामं करायला ३०. सव्वापाच तास झाले. सहा तासांत फेरी एक. जहाज पाच मैलांवर आणलं तर फेरी सव्वादोन तासांची. पहिली भरणी आधीच झालेली असेल तर सहा तासांत तीन फेऱ्या बसतात, पण फक्त कागदावर; पाण्याच्या वेळेमुळे नियमात दोनच लिहा. थोडक्यात, दुप्पट माल हवा असेल तर जहाजं निळ्यांच्या तोंडाशी आणावी लागतात.

मी १०० टनांचा एक ठोकळा धरतो. ६० टनी बारा क्राफ्ट म्हणजे एका फेरीला ७ ठोकळे, दिवसाला सरासरी तीन फेऱ्या, २१ ठोकळे. पायदळ बटालियनला ५, यांत्रिक बटालियनला २०. लढणारी ब्रिगेड दिवसाला ३ ठोकळे खाते. तिन्ही ब्रिगेड उतरल्या की ९ ठोकळे नुसत्या पोटात आणि तोफांत गेले. क्राफ्ट निम्मी झाली की दिवसाला १० च्या आसपास येतात. म्हणजे जेमतेम जगणं चालू, वाढ बंद. त्या क्षणी तांबड्यांना बंदर घ्यावंच लागतं. क्षेपणास्त्रांनी ताफा बुडवण्याची गरज नाही, बारातली सहा क्राफ्ट गेली तरी निळ्यांना वेळ मिळतो.

रात्रीच्या छोट्या होड्या मात्र पूर्ण बंद होतील असा नियम करू नका. १६७९ साली शिवाजी महाराजांनी खांदेरी बांधायला घेतली तेव्हा इंग्रजांची जहाजं आणि सिद्दीचं आरमार समोर होतं. तरी थळच्या किनाऱ्यावरून उथळ पाण्यात चालणाऱ्या होड्या रात्री माल घेऊन जातच राहिल्या. रात्रीच्या टर्नला दोन्ही बाजूंना अर्धा ठोकळा मिळू द्या, फाशावर ८ किंवा कमी आलं तर.

ठोकळे_आणि_फासे

दोघांचंही मान्य. पण १० किमीच्या हेक्सवर यातलं काहीच दिसणार नाही. कुर्ली त्यात सहा बाय अडीच हेक्सची होते. तिथे बगल देणं, मागे हटणं, काही शक्य नाही. नकाशे दोन करा. समुद्रासाठी २० किमीचा हेक्स, बेटासाठी २ किमीचा. बेट ३१ बाय १२ हेक्स होईल. सपाट बाजू ते सपाट बाजू २५ मिमी धरली तर लांबी ७७५ मिमी आणि रुंदी सुमारे २६० मिमी. ए-१ कागद ८४१ बाय ५९४ मिमीचा असतो, त्यात बेट बसून खाली टर्नची पट्टी, भरतीची पट्टी आणि बुडालेल्या जहाजांचा रकाना मावतो. २५ मिमीच्या हेक्सात १८ मिमीचा काउंटर ठेवा, बोटाने उचलता येतो.

वेळेचं गणित: पाच तास म्हणजे ३०० मिनिटं. समजावणं ३०, शेवटची चर्चा ४०. उरली २३०. पहिले तीन दिवस सहा-सहा तासांचे टर्न, म्हणजे १२. प्रत्येकी १३ मिनिटं, १५६ झाली. चौथ्या ते दहाव्या दिवसापर्यंत दिवसाचा एक टर्न, ७ गुणिले १०, म्हणजे ७०. एकूण २२६. बाराव्या दिवसापर्यंत ताणू नका. आणि १३ मिनिटांचा गजर पंचाच्या हातात हवा. वेळेत आदेश आला नाही तर त्या तुकड्या जागच्या जागी.

लपवाछपवीला संगणक लागत नाही. कार्बन घालून तीन प्रती निघतात तसं साधं बिलबुक स्टेशनरीवाल्याकडे मिळतं. एका टर्नला एक पान: वरची प्रत पंचाला, दुसरी सेनापतीकडे, तिसरी बुकात. शेवटच्या चर्चेत ‘मी असं सांगितलंच नव्हतं’ हा वाद त्या तिसऱ्या प्रतीवर मिटतो. दोन्ही बाजूंची टेबलं वेगळी, मधे पडदा, आणि खरा नकाशा फक्त पंचाकडे. त्यामुळे नकाशाच्या तीन प्रती छापा.

छपाईबद्दल एक सूचना. काउंटर स्टिकर कागदावर छापून २ मिमी माउंट बोर्डवर चिकटवा आणि स्टीलची पट्टी लावून कटरने कापा, एका घावात नाही, तीन-चार हलक्या घावांत. नाहीतर कडा चुरगळतात. पावसाळ्यात मुंबईच्या हवेत माउंट बोर्ड फुगतो आणि कडेने स्टिकर सुटतो. कापण्याआधीच मॅट लॅमिनेशन करून घ्या. चकचकीत लॅमिनेशन नको, ट्यूबलाइटखाली आकडे दिसत नाहीत.

षट्कोन

साल्व्होचं आणि फेऱ्यांचं गणित मांडून पाहिलं, पहिल्यांदाच खेळ सातव्या दिवसापर्यंत गेला. दोन गोष्टी अडल्यात. छत्रीधारी बटालियन पहिल्याच टर्नला धावपट्टी घेते आणि विमानांनी माल येऊ लागतो, मग पुळणींची गरजच राहत नाही. आणि जिंकलं कोण, हे हेक्स मोजून ठरवायचं का? जमिनीवर तिनास एक (हल्ला करणाऱ्याचं बळ तिप्पट हवं) हा नियम लावला तर तांबड्यांना कधीच पुरेसं बळ मिळत नाही.

खाडीकाठ

धावपट्टी घेणं आणि धावपट्टी चालू होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. २४ फेब्रुवारी २०२२ ला रशियाचे छत्रीधारी सैनिक कीव्हजवळच्या होस्तोमेलच्या विमानतळावर उतरले, पण युक्रेनच्या तोफांनी धावपट्टी वापरायोग्य ठेवली नाही आणि मागून येणारी मोठी विमानं तिथे उतरू शकली नाहीत. नियम असा करा: निळ्यांची एकही तोफ २० किमीच्या आत, म्हणजे दहा हेक्समध्ये, शिल्लक असेल तर विमान उतरणार नाही. निळ्यांनी आधीच पट्टीवर ट्रक आडवे लावले असतील तर ते काढायला एक टर्न वेगळा. छत्रीधारी सोबत दोन दिवसांचाच शिधा आणि दारूगोळा घेऊन येतात. तिसऱ्या दिवशी त्यांची ताकद निम्मी.

तिनास एक हा संपूर्ण बेटाचा नियम नाही, तो हल्ल्याच्या जागेपुरता आहे. तांबड्यांकडे एकूण बळ दीडपटच असलं तरी एका घाटरस्त्यावर तीन बटालियन विरुद्ध एक असं जमवता येतं, बाकी ठिकाणी निळ्यांना गुंतवून. लढाईच्या तक्त्यात प्रमाण फक्त त्या हेक्सचं बघा.

दीपस्तंभ

जिंकण्याच्या अटीत हेक्स मोजू नका. काळ्या समुद्रातलं युक्रेनचं स्नेक आयलंड रशियाने फेब्रुवारी २०२२ मध्ये युद्धाच्या पहिल्याच दिवशी घेतलं आणि ३० जूनला सोडलं, कारण ते किनाऱ्यावरून होणाऱ्या माऱ्याच्या टप्प्यात होतं. बेट घेतलं यापेक्षा तिथे दहाव्या दिवशी कोण जेवतंय हे मोजा. दहा दिवस संपताना बंदर चालू आणि दोन ब्रिगेडचा पुरवठा सलग दोन दिवस पूर्ण, तर तांबडे जिंकले. नुसता किनारपट्टीचा तुकडा हातात असेल तर अनिर्णित. आणि सातव्या दिवसापासून युद्धबंदीचा फासा: सातव्या दिवशी १ आल्यास, आठव्या दिवशी २ पर्यंत, नवव्या दिवशी ३ पर्यंत खेळ तिथेच थांबतो. शेवटच्या टर्नला सगळं झोकून देण्याची खेळाडूंची सवय याने मोडते.

बंदराचा सर्वांत कठीण निर्णय निळ्यांच्या हातात द्या. बंदराच्या तोंडाशी जुनं जहाज बुडवून ते कधी बंद करायचं? लवकर बंद केलं तर दोन लाख माणसांचं धान्य आणि निळ्यांची स्वतःची कुमक अडते. उशीर झाला तर तांबड्यांना बंदर चालू मिळतं. बुडवायचा आदेश दिल्यापासून अंमल व्हायला एक टर्न लागतो असं ठेवा, आणि लोकांच्या धान्याची पट्टी वेगळी काढा. ती शून्यावर आली की रस्त्यांवर निर्वासित येतात, त्या हेक्समध्ये दोन्ही बाजूंचा वेग निम्मा.

आणि सुरुंग! एवढ्या चर्चेत कुणीच काढले नाहीत. १९५० च्या ऑक्टोबरात कोरियात वॉन्सानला उतरणारं सैन्य सागरी सुरुंगांमुळे काही दिवस समुद्रातच खोळंबलं होतं. निळ्यांना पुळणींपुढे ठेवायला १२ चिठ्ठ्या द्या, पाच खऱ्या, सात कोऱ्या. तांबड्यांना सुरुंग काढणारी दोन जहाजं. एक हेक्स साफ करायला एक टर्न, तेवढा वेळ ते जहाज हलत नाही आणि ते बुडालं तर बदली नाही. साफ केलेला मार्ग एका हेक्सच्या रुंदीचा, ताफ्याने त्यातूनच एकामागे एक यायचं. पहिली कोरी चिठ्ठी उघडल्यावर तांबडे पुढची उघडायला थांबतात की तशीच जहाजं घालतात, ते पंचाने लिहून ठेवावं. शेवटच्या ४० मिनिटांच्या चर्चेला तिथूनच सुरुवात करता येईल.

षट्कोन

सुरुंग समुद्राच्या नकाशावर ठेवायचे की बेटाच्या? २० किमीच्या हेक्समध्ये एक चिठ्ठी फारच मोठा भाग अडवते.

दीपस्तंभ

बेटाच्या नकाशावर, पुळणीपासून पाच हेक्सच्या आत. त्यासाठी बेटाच्या दोन्ही लांब बाजूंना १० किमी समुद्र त्याच नकाशात घ्या. वर-खाली पाच-पाच हेक्स वाढले तर बावीस ओळी होतात, सुमारे ४८० मिमी. ए-१ च्या ५९४ मध्ये तेवढी जागा आहे, फक्त टर्नची पट्टी उरलेल्या ११० मिमीत बसवावी लागेल आणि बुडालेल्या जहाजांचा रकाना वेगळ्या कागदावर जाईल.